दिवेलागणीनंतरचा तास

आमच्या घरी दिवा लागायच्या आत चूल विझायची. चिकोडी तालुक्यातलं आमचं गाव, घर शेतकरी जैनाचं. सूर्य बुडायच्या दोन घटका आधी, म्हणजे आजच्या हिशेबानं अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, तोंड बंद झालं पाहिजे असा नियम. उन्हाळ्यात ते सोपं. जूनमध्ये आमच्याकडं सात वाजून गेले तरी उजेड असतो. डिसेंबरात मात्र सहाच्या सुमाराला दिवस बुडतो. मग चारपासूनच आईची धांदल. "पोरींनो, ऊन भिंतीवर चढलं बघा, पानं मांडा," ही तिची हाक अजून कानात आहे. अंगणातल्या भिंतीवर ऊन कुठवर चढलं यावर आमच्या घरचं जेवण ठरायचं. घड्याळ होतं, पण ते आप्पांच्या सोप्यात. स्वयंपाकघरात त्याला विचारत कोण होतं!

जेवणं झाली, भांडी घासून झाली, की आई कंदिलाची काच राखेनं पुसायची, वात कातरून सारखी करायची आणि दिवा लावायची. त्यानंतर घरात तिच्यासाठी कामच नसायचं. रात्री काही शिजवायचं नाही, कुणाला वाढायचं नाही. मग ती भिंतीला टेकून बसायची आणि वाचायची. कधी पुराण, कधी कुणाकडून तरी मागून आणलेले 'स्त्री' मासिकाचे जुने अंक. आज्जी विचारायची, "काय वाचतीस गं एवढं?" आई म्हणायची, "तुमालाबी वाचून दाखवते की." आणि दाखवायची. दिवेलागणीनंतरचा तो तास आईचा होता.

गावात वीज आली तेव्हा मी तिसरीत होते. पुढं पाचसहा वर्षांत आईचा तो तास गेला. कसा गेला ते शेवटी सांगते. पण उजेडाच्या इतिहासाबद्दल जिथं काही सापडेल तिथं मी ते वाचत गेले, ते या एका तासामुळं. दिव्यांचा इतिहास बहुतेक ठिकाणी शोधांचा इतिहास म्हणून लिहिलेला असतो: आधी पणती, मग कंदील, मग गॅस, मग बल्ब, आणि प्रत्येक पायरीला माणूस अंधारातून थोडा अधिक बाहेर आला. ते खोटं नाही. पण नव्या दिव्यानं दिवस लांबला, तर तो वाढीव वेळ कुणाच्या पदरात पडला, हे त्यात सहसा नसतं. मला तेच पाहायचं होतं.

आमच्या परंपरेत दिव्याबद्दल दोन मनं आहेत. एकीकडं दिवाळी आमचीच. महावीरांचं निर्वाण अमावास्येच्या त्या रात्रीचं. श्वेतांबरांच्या कल्पसूत्रात सांगितलंय की त्या रात्री मल्ल आणि लिच्छवींच्या अठरा गणराजांनी दिवे लावले. आतला प्रकाश गेला, आता निदान बाहेरचा, वस्तूंचा प्रकाश करू, असा त्यांचा भाव. दिगंबर परंपरेतल्या जिनसेनाच्या हरिवंशपुराणात या उत्सवाला 'दीपालिका' असं नाव आलंय. ते पुराण शके ७०५चं, म्हणजे इ.स. ७८३चं. दिवा इथं खऱ्या प्रकाशाची जागा घेणारा आहे, खरा प्रकाश नव्हे, हे तिथं पहिल्यापासून गृहीत आहे.

दुसरीकडं दिवा म्हणजे हिंसा. अग्नी हा स्वतःच जीव, अग्निकायिक. वर ज्योतीवर झेप घेणारे किडे. दहाव्या शतकातले आचार्य अमृतचंद्र यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त रात्रीच्या जेवणाचा विचार करताना दिव्याचाही प्रश्न घेतलाय. दिवा लावून जेवलं तर काय हरकत, असं कुणीतरी विचारणारच. त्यांचं म्हणणं असं, की सूर्याचा उजेड नसेल तर दिवा लावूनही अन्नातले बारीक जीव दिसणार कसे आणि टाळणार कसे? म्हणजे हजार वर्षांपूर्वीच कुणाला तरी पटलं होतं, की दिवा हा सूर्याच्या बदल्यात चालणारा नव्हे.

हे त्या काळच्या दिव्याबद्दल अगदी व्यवहारातही खरं होतं. एका मेणबत्तीचा उजेड साधारण बारा लुमेन भरतो. पुढं आलेल्या साठ वॅटच्या बल्बचा आठशेच्या आसपास. म्हणजे एका बल्बाला पासष्ट-सत्तर मेणबत्त्या. पणती मेणबत्तीच्याही खाली. तेवढ्या उजेडात माणसं एकमेकांची तोंडं ओळखत, गोष्टी सांगत, जात्याशी गात. पण तांदळातला खडा दिसत नसे. आणि तेलाला पैसे पडत. करडई, एरंडी, करंज, शेंगदाणा: दिव्यात ओतलेलं तेल पोटात जायचं राहिलं, असा हिशेब गरिबाला करावा लागे. जुन्या शिलालेखांत बस्तीच्या किंवा देवळाच्या नंदादीपासाठी जमीन, घाण्याचं तेल लावून दिल्याच्या नोंदी जागोजाग भेटतात. रात्रभर जळणारा एक दिवा हे दान देण्याजोगं ऐश्वर्य होतं, हे त्यावरून कळतं. बाकीचं गाव दिवस मावळला की झोपत होतं.

ही स्थिती बदलली रॉकेलनं. खडकातलं तेल, 'रॉक ऑईल', म्हणून रॉकेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेहून आलं, मग रशियातल्या बाकूहून, ब्रह्मदेशातून. चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यात यायचं. तेल संपलं तरी डबा संपत नसे. पाणी तापवायला, धान्य ठेवायला, छपराला ठिगळ म्हणून घरोघर तोच. तेलाबरोबर चिमणी आली, काचेचा कंदील आला. वारा लागला तरी न विझणारा, हातात धरून गोठ्यात नेता येणारा दिवा. सुरुवातीला कंदील परदेशीच असत. १९१६मध्ये कराडजवळ ओगल्यांचा काच कारखाना निघाला, त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं, आणि तिथला 'प्रभाकर' कंदील दक्षिण महाराष्ट्रात नि आमच्या सीमाभागात घरोघर पोचला. आमच्या घरचा कंदील प्रभाकरच होता.

आता गंमत बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. १९१०मध्ये त्यांनी कारखाना कुंडल रोड स्टेशनच्या माळावर नेला, तीच किर्लोस्करवाडी. तिथून १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' आणि १९३०मध्ये 'स्त्री' मासिक निघालं. ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी दोन्ही त्याच पुणे-मिरज रेल्वेलाईनवर. म्हणजे माझी आई ज्या दिव्याखाली वाचत होती तो दिवा, आणि ती जे वाचत होती ते मासिक, एकाच रुळावरच्या दोन वाड्यांतून आलं होतं. एकाशिवाय दुसरं निरुपयोगी होतं. दिवसा तिला सवड नव्हती आणि पणतीत अक्षर दिसत नव्हतं.

बाईच्या वाचण्याचा आणि रात्रीचा संबंध त्याहून जुना आहे. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय, की त्यांचं शिक्षण झालं ते घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा विरोध सोसत. महादेवराव त्यांना रात्री शिकवत. दिवस घराचा होता, रात्रीचा दिवा तेवढा त्यांचा. आमच्याकडचं एक नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे. मूडबिद्रीच्या बस्तीत षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शेकडो वर्षं बंद होत्या. दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. १८९६पासून त्यांच्या नकला करायचं काम सुरू झालं. नक्कल करणाऱ्यांत मिरजेचे गजपती शास्त्री होते. नक्कलही बाहेर न्यायची नाही अशी तिथली अट. गजपतींनी गुपचूप आणखी एक प्रत कानडी लिपीत तयार केली आणि तिच्यातूनच पुढं हे ग्रंथ बाहेर आले. १९३९मध्ये अमरावतीहून हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापला. त्या गुप्त प्रतीच्या कामात मोठा वाटा गजपतींच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा होता. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत ही इच्छाच मुळात त्यांची. लक्ष्मीबाई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लेखणीच्या शेजारी एक दिवा येतो. ही माझी कल्पना आहे. पण चोरून लिहिणाऱ्याला दिवस कुठला मिळणार?

इथवर दिव्यानं बाईला वेळ दिला असं म्हणता येतं. पण त्याच दिव्यानं दुसरीकडं काय केलं, ते मुंबईच्या गिरण्यांत पाहायला मिळतं. गिरण्या सुरू झाल्या तेव्हा त्यांचा भोंगा सूर्यावर चाले. दिवस उगवला की सुरू, मावळला की बंद. म्हणून हिवाळ्यात पाळी आखूड आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांची. ते हालच होते. रविवारची सुट्टी मिळायलाही नारायण मेघाजी लोखंड्यांना झगडावं लागलं, ती मिळाली १० जून १८९० रोजी. १८९१च्या कायद्यानं बायकांना अकरा तासांची मर्यादा घातली आणि रात्रीचं काम बंद केलं. पुरुषांना मर्यादा नव्हती. त्यांना एकच मर्यादा होती, सूर्यास्ताची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ती मर्यादा नाहीशी झाली. १९०५मध्ये मालाला उठाव होता. दिव्यांच्या उजेडात गिरण्या चौदा-पंधरा तास चालवल्या जाऊ लागल्या. कामगारांचा संताप उसळला, संप झाले, दंगा झाला. मग सरकारनं चौकशी समिती आणि आयोग नेमले आणि १९११च्या कायद्यात कापडगिरणीतल्या पुरुषांच्या कामाला बारा तासांची हद्द पडली. मला हे वाचताना आमच्या भिंतीवरचं ऊन आठवलं. सूर्य कुणाचंही ऐकत नाही, म्हणून तो मालकाचंही ऐकत नव्हता. दिवा मात्र ज्याच्या हातात बटण त्याचं ऐकतो. सूर्यानं घातलेली हद्द दिव्यानं पुसली, आणि ती नव्यानं आखायला कायदा लागला.

कलेला मात्र दिव्यानं वेगळंच दिलं. सांगली आमच्यापासून जवळ. तिथं १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हाचा रंगमंच हिलाल आणि दिवट्यांचा. तसाच गोंधळ्यांचा, तमाशाचा, घाटाखालच्या दशावताराचा. उजेड थोडा आणि हलता, म्हणून चेहऱ्यावरचे रंग भडक, मुकुट चमकते, आवाज चढा. गाणारा नट पुढं, उजेडात येणार. मागं गेला की सावली. कुडाळजवळ पिंगुळीच्या ठाकरांनी तर सावलीचीच कला केली: पांढऱ्या पडद्यामागं दिवा, त्याच्यापुढं चामड्याच्या बाहुल्या. दशावतार रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपायचा. बैलगाडीनं अंधारात परतण्यापेक्षा उजाडेपर्यंत बघत बसलेलं बरं, हे प्रेक्षकांनाही सोयीचंच.

मग बत्ती आली, पेट्रोमॅक्स. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायची ती. हवा मारली की फसफसून पांढराशुभ्र उजेड. त्या उजेडाचं गुपित आतल्या मेंटलमध्ये. ही कापडी पिशवी पहिल्यांदा जाळली की थोरियमच्या क्षारांची राखेसारखी जाळी उरते, आणि ती तापली की प्रखर उजळते. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखनं १८८५मध्ये मेंटलचा शोध लावला, आणि त्यासाठी लागणारं थोरियम ज्या वाळूत मिळतं ती मोनाझाइट वाळू १९०९मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. गावच्या जत्रेत नाटकाच्या मांडवाला टांगलेली बत्ती जर्मन म्हणून मिरवायची, पण जगभरच्या मेंटलांचा मोठा भाग बरीच वर्षं आपल्याच समुद्राच्या वाळूवर जळत होता.

विजेनं सर्वांत मोठी गोष्ट केली ती उजेड देण्याची नव्हे, अंधार करण्याची. हिलाल आणि समया खेळ चालू असताना विझवता येत नव्हत्या. प्रेक्षकही उजेडातच बसत. बटण आल्यावर प्रेक्षागृह काळोखात आणि रंगमंच प्रकाशात, अशी वाटणी सहज झाली. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१मध्ये पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलं. आपल्याकडं १९३३च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात तीन भिंतींची खरीखुरी खोली उभी राहिली आणि बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. खोलीत बसून हळू बोलणारी बाई हजार माणसांना दिसायला-ऐकायला हवी, तर तिच्या चेहऱ्यावर स्थिर उजेड हवा. हिलालाच्या उजेडात ते नाटक लिहिलंच गेलं नसतं.

सिनेमाचं उलटं. तो जन्मला उन्हात. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' सूर्याच्या भरवशावर झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभ्या राहत, नटांवर उजेड पाडायला. दिवसभर ते, रात्री फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांचाच. आपल्या चित्रपटातली पहिली प्रकाशव्यवस्था एका बाईच्या दोन हातांवर उभी होती. पुढं १९२३मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड'साठी कृत्रिम दिवे वापरले. रात्रीचा प्रसंग पडद्यावर रात्रीसारखा दिसू लागला.

आणि चित्रकलेत? मी म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' पाहिलं. लोक सवयीनं ते रविवर्म्याचं म्हणतात. पण रविवर्मा १९०६मध्ये वारले आणि हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं. हळदणकर सावंतवाडीचे, म्हणजे आमच्या घाटाखालचेच. समोर उभी राहिली ती त्यांची मुलगी. तिच्या एका हातात दिवा, दुसऱ्या तळव्याचा आडोसा, बोटांच्या फटींतून आणि कातडीतूनही लालसर उजेड झिरपतोय. हे जलरंग आहेत, यावर विश्वास बसत नाही. खोली अंधारी ठेवलेली, म्हणून तो दिवा खरंच लागल्यासारखा वाटतो. मी तो तळवा बघत उभी राहिले. वाऱ्यापासून दिवा जपणारा हात मी रोज पाहिला होता. हळदणकरांनी ते चित्र केलं तेव्हा मुंबईत विजेचे दिवे लागून अनेक वर्षं झाली होती. घरातून निघून चाललेला उजेडच त्यांनी कागदावर धरून ठेवला असं मला वाटलं.

आता आईचा तास. वीज आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. काच पुसणं संपलं, रॉकेलची रांग संपली, डोळ्यांत जाणारी काजळी संपली. त्या आनंदाला मी खोटं म्हणणार नाही. पण वीज गल्लीत आली तशी बाजारपेठेतही आली. निपाणीतलं आप्पांचं दुकान आधी सहाला बंद व्हायचं, ते नऊपर्यंत चालू लागलं. आप्पा नियमाचे पक्के, डबा घेऊन जायचे. माझे भाऊ आणि धाकटे काका तेवढे पक्के नव्हते. ते साडेनऊला यायचे आणि त्यांना गरम भाकरी हवी असायची. "लाईट हाय की आता, काय अंधारात करायचंय का?" असं काका म्हणाले ते मला आठवतं. आई बोलली नाही. ती स्वतः दिवस बुडायच्या आत जेवायची आणि साडेआठला पुन्हा चूल पेटवायची. आईचा नियम कधी मोडला नाही. तास तेवढा मोडला. 'स्त्री'चे अंक माळ्यावर गेले.

जुन्या दिवसांचं मी उगाच कौतुक करत नाही. हिवाळ्यातली चार वाजताची धांदल बायकांच्याच अंगावर होती, तापात निजलेल्या सुनेलाही ती चुकत नसे. आणि आम्हा मुली विजेखाली अभ्यास करून बेळगावच्या कॉलेजात गेलो, हे पुस्तक मी लिहिलं ते ट्यूबलाईटखालीच. मला एवढंच कळलंय, की आमच्या बायकांच्या कामाला जी एक हद्द होती, ती धर्मानं सूर्यावर टाकली होती. दिव्यानं ती हद्द काढली आणि तिच्या जागी कुणी दुसरी आखली नाही. गिरणीतल्या पुरुषांसाठी १९११चा कायदा झाला. स्वयंपाकघरासाठी कसला होणार?

सासरी बेळगावात पहिली वीस वर्षं मीही रात्री साडेनऊला पानं घेतली. मग मुलं मोठी झाल्यावर सांगून टाकलं: सातनंतर माझं स्वयंपाकघर बंद. ज्याला उशिरा जेवायचंय त्यानं झाकून ठेवलेलं घ्यावं आणि ताट घासून ठेवावं. धर्म म्हणून म्हणतेस का, असं मुलानं विचारलं. म्हटलं, तोही आहे. श्रावकाच्या व्रतांत कारण नसताना आग जाळू नये असंही सांगितलंय, अनर्थदंडात येतं ते. पण खरं कारण तुझी आज्जी. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातला दिवा मालवून खोलीत आले, तर टेबलावरचा दिवा कुणीतरी आधीच लावून ठेवला होता.